मन लागायची वाट पाहू नका : गावात राहून सुरू करायच्या काही रोजच्या सवयी

पेरणी करताना आपण मन लागतं का हे पाहत नाही, वाफसा, म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल, आला का हे पाहतो. वाफसा असला की घरात भांडण असो, अंगात कणकण असो, तिफण निघतेच. स्वतःच्या बाबतीत मात्र आपलं उलटं चालतं. "जरा बरं वाटलं की फिरायला जाईन." "सोयाबीनचे पैसे आले की मोकळा होईन." बरं वाटायची वाट पाहण्यात हंगाम निघून जातात. माझे दोन गेले.

मी यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू कास्तकार. तुरीवर मर रोग आला, पुढच्या वर्षी काढणीच्या तोंडावर पाऊस आला, त्यातून हे सुरू झालं. रात्री अडीचला डोळे उघडायचे ते टक्क उघडेच. जेवण गोड लागेना. घरात कोणी साधं काही विचारलं तरी अंगावर जायचो आणि मग लाजेनं गोठ्यात जाऊन बसायचो. मी डॉक्टर नाही. त्या काळात समुपदेशकानं जे करायला लावलं, त्यातलं गावात राहून जमलं ते इथे लिहितो. पुढे चार-पाच जणांना हेच सांगितलं, म्हणून कुठे अडकायला होतं तेही ठाऊक आहे.

एक नियम आधीच सांगतो. एका आठवड्यात एकच सवय घ्या, आणि ती रोजच्या एखाद्या कामाला जोडा. नवा गोऱ्हा जुन्या बैलासोबत जुंपतात, एकटा नाही. "रोज सकाळी पाच मिनिटं शांत बसेन" हे ठरवलं तर चौथ्या दिवशी विसरतं. "दूध काढून बादली ठेवली की तिथेच बसेन" हे ठरवलं तर म्हैस आठवण करून देते.

आधी कॅलेंडर

दुधाचा खाडा आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडतो, तिथेच हे मांडायचं. रात्री झोपण्याआधी तारखेच्या चौकोनात दोन गोष्टी लिहा: आज किती वाजता उठलो, आणि दिवस कसा गेला याला दहापैकी आकडा. बस. डायरी लिहायला सांगितलं असतं तर मी केलं नसतं, आमच्याकडे वही म्हटलं की पोरांची शाळा आठवते.

पहिल्या आठवड्यात माझे आकडे तीन, तीन, दोन, चार असेच होते. तरी लिहीत राहा, कारण मन खचलं की ते एकच हेका धरतं: रोजच वाईट जाते. कॅलेंडर तसं म्हणत नाही. माझ्या कॅलेंडरवर बाजाराच्या दिवशी आकडा हटकून वर असायचा. भाजी विकायला जायचो म्हणून मी त्याला काम समजत होतो; मला तिथली माणसं आवडतात हे चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

पहिला आठवडा : उठायची वेळ

झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. म्हणून सुरुवात तिथून. एक वेळ ठरवा, समजा साडेपाच, आणि रात्र कशीही गेली तरी त्याच सुमाराला उठा. उठल्यावर मोबाईल न पाहता बाहेर या. ढोरांना चारा टाकायचा असेल तर तो आधी टाका. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्री झोप वेळेवर यायला मदत होते. खोलीतल्या बल्बचा उजेड त्या मानाने फारच कमी. ढगाळ सकाळ असली तरी बाहेरचा उजेड जास्त भरतो.

इथे रब्बीवाले लगेच म्हणतील, लाइनचं, म्हणजे मोटारीच्या विजेचं काय? ज्यांच्या फिडरवर मोटारीची लाइन आलटून-पालटून रात्री येते, त्यांना डिसेंबरच्या थंडीत एक वाजता हरभऱ्याला पाणी द्यायला जावंच लागतं. वरून रानडुकरं आणि रोही (नीलगाई) यांच्यासाठी मचाणावर जागल वेगळी. अशा रात्रीनंतर साडेपाचचा हट्ट धरू नका. तास-दीड तास उशिरा उठा, आणि दुपारी जेवल्यावर अर्धा तास पडा. पण तीनच्या आत उठा, आणि "आज झालीच नाही झोप" म्हणून संध्याकाळपर्यंत लोळू नका. नाहीतर त्या रात्री पुन्हा झोप लागत नाही, आणि लाइनचा आठवडा संपला तरी तुमची रात्रपाळी सुरूच राहते. जागलीसाठी शेजारच्या वावरवाल्याशी पाळी लावता आली तर लावा. आम्ही दोघांनी एक दिवसाआड लावली. डुकरांनी थोडं नुकसान केलं, पण त्या हंगामात माझं डोकं ठिकाणावर राहिलं.

चहा संध्याकाळी चारनंतर बंद. हे ऐकून लोक हसतात, पण चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनंतरही अंगात असतो. संध्याकाळी पाहुण्यांकडे गेलं आणि चहा नाकारला तर राग येतो, म्हणून मी पित्त झालं म्हणून सांगतो. पित्ताला सगळे मान देतात.

रात्री डोळे उघडलेच तर बाजेवर कूस बदलत पडून राहू नका. बरीच वेळ झोप आली नाही तर उठा, अंगणात बसा, पेंग आली की परत या. घड्याळ पाहू नका. "अडीच वाजले, पाचला उठायचं" हा हिशेबच झोप उडवतो.

दुसरा आठवडा : पुरं होणारं एक काम

सगळ्यात जास्त फरक मला यानं पडला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

"दिवसभर राबतो, वरून आणखी काय करू?" हे माझंही म्हणणं होतं. समुपदेशक म्हणाले, दिवसभरातलं संपलं असं एक काम सांगा. मला सांगता येईना. शेतीचं काम संपतच नाही. निंदण झालं की फवारणी, फवारणी झाली की पुन्हा निंदण, आणि शेवटी भाव काय लागेल ते आपल्या हातात नाही. मन खचलेलं असताना अशा कामातून "झालं बुवा" असं समाधान मिळत नाही. उलट माणूस हळूहळू बाकीचं सोडत जातो. आधी भजनाला जाणं सुटतं, मग पारावर बसणं, मग दाढी करणं. सोडलं की आणखी खचतो, आणखी खचला की आणखी सोडतो.

ही गाठ कामाच्या बाजूनं सुटते. रोज दोन छोट्या गोष्टी ठरवायच्या: एक तासाभरात पुरी होणारी, आणि एक जी आधी आवडायची. मन लागो न लागो, ठरल्या वेळी करायच्या. मी पहिल्या दिवशी बंडीच्या (बैलगाडीच्या) जुवाची तुटलेली दोरी बदलली. तीन महिन्यांपासून तशीच होती. काम वीस मिनिटांचं. करताना काही वाटलं नाही, पण संध्याकाळी बंडीकडे नजर गेली आणि ती दोरी दिसली. त्या दिवशी चौकोनात पाच लिहिले.

दुसरी गोष्ट निवडताना गडबड होते. आता काय आवडतं हे विचारू नका, उत्तर "काहीच नाही" असंच येणार. पाच वर्षांपूर्वी काय आवडायचं ते आठवा. कोणाला बैल धुणं, कोणाला कॅरम, कोणाला कुंपणावर दोडक्याचा वेल चढवणं. आमच्या गल्लीतल्या एका काकाजींनी बाजा विणायला घेतल्या, आता गावभर त्यांच्याकडे रांग लागते आणि ते चिडतात. पहिले आठ-दहा दिवस मजा येणार नाही, हे धरूनच चाला. मजा मागून येते.

पायी चालणं यात बसवता आलं तर उत्तम. आठवड्याला निदान १५० मिनिटं जरा भरभर हालचाल व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वावरात राबणाऱ्याची ती होतेच. ज्यांचं दुकान आहे, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत बसून काम आहे, त्यांनी मात्र गाडी घरी ठेवून वावरापर्यंत पायी जावं.

बायांचा वेळ

एवढं लिहून घरी वाचून दाखवलं, तर सौ. म्हणाली, "तुमचं सगळं बरोबर आहे, पण तुम्ही गोठ्यात शांत बसता तेव्हा चहा मांडते कोण?"

उत्तर नव्हतं. वावरातली बाई निंदण करून येते आणि चुलीपुढे बसते. तिच्या दिवसात रिकामा तुकडा नसतो. असलाच तर कोणीतरी हाक मारतं. म्हणून बायांसाठी पहिली सवय घरातल्या इतरांनी पाळायची आहे: रोज ठरलेला अर्धा तास तिला हाक मारायची नाही. आमच्याकडे दुपारी साडेतीन ते चार. त्या वेळात ती शेजारणीच्या ओट्यावर बसते. वाती वळतात, बोलतात, कधी काहीच बोलत नाहीत. तेवढ्यात पाहुणे आले तर पाणी मी देतो. पहिल्या दिवशी ग्लास कुठे असतात हे विचारावं लागलं, ते सोडा.

बचत गटाची बैठक असेल तर ती बुडवू नका. हप्ता दुसऱ्याच्या हातून पाठवता येतो, पण तिथे जाऊन बसणं दुसऱ्याला करता येत नाही.

बाळंतिणीचं वेगळं सांगायला हवं. बाळ झाल्यावर चार-आठ दिवस रडू येणं बऱ्याच जणींना होतं आणि जातं. दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, बाळाकडे पाहावंसं वाटत नसेल, तर ते "नाटक" नाही आणि "बाहेरचं" नाही. घरी जन्मलेल्या किंवा दवाखान्यातून आलेल्या बाळाला पाहायला आशाताई ४२ दिवसांपर्यंत ठरावीक दिवशी घरी येतात. वजन करून त्या निघण्याआधी हे त्यांच्या कानावर घाला.

श्वास आणि काळजीची वही

श्वासाचं थोडक्यात. नाकानं चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. बाहेर सोडताना लांबवायचा, कारण श्वास सोडताना हृदयाची गती उतरते. पाच मिनिटं. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या. जोर लावायचा नाही. राग आला असताना शिकायला जाऊ नका. बरं असताना रोज केलं असेल तरच रागात आठवतं.

काळजीसाठी मात्र वही लागते. संध्याकाळी दिवाबत्तीनंतर पंधरा मिनिटं, रोज त्याच वेळी. दिवसभर डोक्यात कर्ज आलं की स्वतःला सांगायचं, सात वाजता पाहू. सात वाजता खरंच पाहायचं. एका पानावर चार रकाने: कोणाचे, किती, कधीपर्यंत, आणि याबाबत कोणाशी बोलायचं. बँकेचं पीककर्ज, कृषी केंद्राची उधारी, मेहुण्याकडून घेतलेले, सगळं.

लोक म्हणतात, कागदावर आकडा लहान दिसतो. माझा चाळीस हजारांनी मोठा निघाला. डोक्यातल्या हिशेबात एक व्याज धरलंच नव्हतं. तरी त्या रात्री मी साडेचारपर्यंत झोपलो. डोक्यातला विचार नुसता घाण्याच्या बैलासारखा फिरतो. कागदावर शेवटच्या रकान्यात "सोमवारी बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाचं विचारणं" असं काहीतरी लिहावं लागतं. मग सोमवारपर्यंत त्यावर करण्यासारखं काही उरत नाही. ज्या ओळीत शेवटचा रकाना भरताच येत नाही, जसं की पाऊस, तिथे फुली मारा. झोपायच्या अगदी आधी मात्र वही उघडू नका.

एक माणूस

एका संध्याकाळी शेजारचा वावरवाला धुऱ्यावर येऊन बसला. "काय राजा, दिसत नाही आजकाल?" मी म्हटलं, "काही नाही, असाच." तो पुढे काही बोलला नाही. हरभऱ्याचं एक झाड उपटलं, घाटे सोलून खात बसला, चार माझ्या हातावर ठेवले. बराच वेळ गेल्यावर माझ्याच तोंडून निघालं, "झोप येत नाही बावा मले." तो म्हणाला, "कवापासून?"

त्यानं "टेन्शन नको घेऊ" म्हटलं नाही, "त्या अमक्याकडे पाय, त्याचं तर तुझ्याहून वाईट हाय" असंही म्हटलं नाही. कवापासून, एवढंच. पुढे दवाखान्यातही पहिला प्रश्न हाच आला. कोणाचं ऐकून घ्यायची वेळ आली तर हे तीन शब्द पुरतात: कवापासून, मग, आणि अजून. उपाय सांगायची घाई करू नका.

सवय अशी: आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, एका माणसाला खरं उत्तर द्यायचं. सगळ्या गावाला नाही. गावात बातमी व्हायची भीती खरीच आहे, म्हणून माणूस निवडून घ्या. परगावचा मित्र, बहीण, कोणीही चालतं.

आणि जिथे बोलावं लागत नाही अशी एक जागाही ठेवा. तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीपासून सुरू झालेली सामुदायिक प्रार्थना आपल्याकडच्या कित्येक गावांत संध्याकाळी होते. देवावर श्रद्धा किती हा प्रश्न बाजूला ठेवा. ठरलेली वेळ, दहा माणसांसोबत मांडी घालून बसणं, खंजेरीवर सूर धरणं, एवढ्यासाठी जा. न गेल्यास दुसऱ्या दिवशी कोणीतरी "काल दिसला नाहीस" म्हणतं, हा त्यातला मोठा फायदा.

बोलण्यानं काय होतं याचा आपल्याच भागातला दाखला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत "विश्राम" नावाचा उपक्रम झाला होता. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर उदासपणाबद्दल बोलायला लावलं. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घ्यायचे, नंतर २७.२ टक्के घ्यायला लागले.

खर्रा, दारू, मोबाईल

खर्ऱ्यानं, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणानं, डोकं शांत होतं असं वाटतं, कारण आधीच्या खर्ऱ्याची तलफच डोकं उठवत असते. तोंडाच्या कॅन्सरचं सगळ्यांना ठाऊक आहे, ते परत सांगत नाही. एकदम सुटत नसेल तर कॅलेंडरवर तिसरा आकडा मांडा, दिवसाला किती, आणि सकाळचा पहिला खर्रा रोज थोडा पुढे ढकला. दारूनं झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते. माझे अडीच वाजताचे उघडे डोळे निम्मे तिचेच होते. जे रोज आणि भरपूर पितात त्यांनी मात्र अचानक बंद करू नये. हातपाय थरथरणं, भ्रम, फिट येणं असं होऊ शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. बाजारभावाचे मेसेज सकाळीही तेच असतात.

सोंगणीत सगळं बिघडतं

बिघडणारच. सोयाबीन उभं आहे, मजूर मिळत नाहीत, वर ढग, त्यात कोण श्वास मोजणार? अशा पंधरवड्यासाठी फक्त दोन गोष्टी ठेवा: उठायची वेळ आणि कॅलेंडरवरचा आकडा. मे महिन्यातही हेच. पारा ४५च्या आसपास असला की रात्रीही भिंती तापलेल्या राहतात, झोप होत नाही, आणि घराघरांत भांडणं वाढतात. त्या दिवसांत अंगणात किंवा गच्चीवर झोपा, दुपारची कामं पहाटे उरका, आणि मोठे निर्णय, वाटणीचे, लग्नाचे, दुपारी बसून घेऊ नका. हंगाम संपला की उरलेल्या सवयी एकेक करून परत जोडा. पहिल्यापासून सुरू केलं म्हणून काही बिघडत नाही.

एवढ्यानं भागत नाही तेव्हा

सलग दोन आठवडे बहुतेक वेळ मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, आणि कॅलेंडरवरचा आकडा हलत नाही, तर सवयींवर थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. सोबत रक्तही तपासून घ्या, कारण रक्त कमी असणं, थायरॉइड आणि बी-१२ची कमतरता यांतही असंच वाटतं. पुढे लागलं तर जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असतात. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची नशा लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत. घरच्यांचा देवऋषीवर विश्वास असेल तर त्यावर भांडत बसू नका. अंगारा लावा आणि गोळीही घ्या.

कोणी "आता जगण्यात काही नाही" असं बोलत असेल, देणीघेणी आवरत असेल, तर सरळ विचारा: जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्यानं डोक्यात नसलेलं येत नाही. विचारणारा कोणी आहे हे कळतं. हो म्हटलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. फवारणीचे डबे घरात किंवा हाताशी राहू देऊ नका. कुलुपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याच्या घरी. ती धोक्याची वेळ पुष्कळदा थोडीच असते. तेवढ्यात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. पोलीस केस होईल म्हणून काही घरं डॉक्टरपासून लपवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरावं आणि त्याला शिक्षा करू नये.

रात्री-बेरात्री १४४१६ हा नंबर आहे. टेलिमानस, सरकारी सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फोनला पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. फोन लावायचा धीर होत नसेल तर दुसऱ्याला लावायला सांगा. माझा पहिला फोन सौ.नं लावला होता. मी बाजेवर तोंड फिरवून बसलो होतो, स्पीकर सुरू होता. ती माझ्याबद्दल सांगत होती आणि अर्धं चुकीचं सांगत होती. तिसऱ्या मिनिटाला मी म्हटलं, "आण इकडे."